एक कोयता

गणपतीला आठवडा राहिला असताना ताईचा फोन आला. मखर काढायला स्टुलावर चढून तिनं माळ्यात हात घातला, तर मागं जुन्या चादरीत गुंडाळलेला कोयता. "नवा कोरा आहे रे. किमतीचं स्टिकरसुद्धा काढलेलं नाही." ती घाबरली होतीच, पण त्याहून जास्त बुचकळ्यात पडली होती. सिंहगड रोडवरच्या वन बीएचकेत कोयत्याचं काय काम? नारळसुद्धा आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडून सोलून आणतो.

भाचा 17 वर्षांचा, बारावीत. झुरळ दिसलं की अजून पाय वर घेऊन बसतो. मी संध्याकाळी पोचलो तेव्हा तो मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता आणि कोयता डायनिंग टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी. ताईनं त्याच्याखाली वर्तमानपत्र घातलं होतं. टेबलाला चरा पडू नये म्हणून.

"माझा नाहीये मामा. मित्राचा आहे. ठेवायला दिलाय."

पोलीस चौकीत हे वाक्य किती वेळा ऐकलं जात असेल, देव जाणे. मी कोयता हातात घेतला. मुठीला वॉर्निशचा वास होता. पात्यावरून अंगठा फिरवला, तर धारच नाही. दुकानातून आणला तसाच, बोथट. सहाणेला एकदाही लागलेला नव्हता. मला आधी बरं वाटलं, आणि मग जरा वेळानं त्या बोथटपणाचाच विचार डोक्यात घोळायला लागला. कापायचंच नव्हतं, तर आणला कशाला?

उत्तर त्याच्या फोनमध्ये होतं. अकरा सेकंदांचं रील. अर्धवट बांधलेल्या इमारतीचा जिना, तिघं पोरं, स्लो मोशन. हा मधला. कोयत्याचं टोक सिमेंटवरून घासत चालत येतो, वर बघतो आणि मागं ढोल-ताशाच्या ठेक्यावर कुणीतरी घोगऱ्या आवाजात काहीतरी बजावतं. खाली चारशे बारा लाइक. त्याच्या दहावीच्या निकालाच्या पोस्टला एकोणीस होते, हे त्यानंच मला सांगितलं. तक्रार म्हणून नाही, नुसती माहिती म्हणून.

"पण कशासाठी?"

"काही नाही ओ मामा. मग कुणी नडत नाही."

कोण नडलं होतं ते बरंच उशिरा, ताई आत गेल्यावर कळलं. क्लासच्या बाहेर पार्किंगवरून काहीतरी झालं आणि एका मुलानं याच्या कानफटात लावली. सगळ्यांसमोर. त्यात दोन मुली होत्या. सांगताना त्याचा हात नकळत गालाकडे गेला. चार महिने झाले होते.

मी त्याला पुढं काही बोललो नाही, कारण माझीही एक गोष्ट होती आणि ती मी आजपर्यंत घरात कुणाला सांगितलेली नाही.

सन 1995. मी कोल्हापुरात अकरावीला. गावाहून एसटीनं यायचो. एकदा स्टँडवर जागेवरून बाचाबाची झाली आणि एकानं माझी कॉलर धरून मला खांबाशी दाबलं. मारलं नाही, तेवढंच. पण समोर कॉलेजचे सगळे होते. त्याच्या पुढच्या पंधरवड्यात आमच्या गावच्या जत्रेत, पाळण्याशेजारच्या दुकानात मी एक बटणाचा चाकू घेतला. पितळी मूठ, खालच्या अंगाला फुलाची नक्षी. बटण दाबलं की खट्कन पातं बाहेर. तो आवाज मला इतका आवडला होता की रात्री गोधडीत शिरून मी नुसता खट्, खट् करत बसायचो.

पँटच्या खिशात चाकू आला आणि माझी चाल बदलली. हे मी विनोदानं म्हणत नाही. आधी मी स्टँडच्या मागच्या बाजूनं, रसवंतीगृहाच्या बोळातून जायचो, कारण समोर ती पोरं उभी असायची. चाकू आल्यावर मी मुद्दाम समोरून जायला लागलो. त्यांच्याकडे बघत. भांडण टाळायच्या माझ्या सगळ्या जुन्या वाटा मी सोडून दिल्या. चाकू संरक्षणासाठी घेतला असं मी स्वतःला सांगत होतो, आणि गंमत अशी की ज्या दिवसांत मला मार बसण्याची शक्यता सगळ्यात जास्त होती, ते हेच पंधरा-वीस दिवस.

पुढं कधीतरी वाचनात आलं की अमेरिकेत इलिनॉयमधल्या नॉक्स कॉलेजात 2006 साली 30 तरुणांवर एक प्रयोग झाला होता. काहींच्या हातात खऱ्यासारखी दिसणारी बंदूक दिली, काहींना लहान मुलांचा खेळ. पंधरा मिनिटं हाताळा म्हणाले. नंतर प्रत्येकाला सांगितलं, पुढच्या माणसाला प्यायचं आहे, या पाण्यात हवा तेवढा तिखट सॉस घाला. बंदूक हाताळलेल्यांनी जवळजवळ तिप्पट सॉस घातला, त्यांच्या लाळेतलं टेस्टोस्टेरॉनही वाढलेलं निघालं. 30 पोरांवरून जगाचा निष्कर्ष काढू नये, आणि शस्त्र नुसतं समोर असलं की माणूस आक्रमक होतो का, यावर 1967 पासून मानसशास्त्रज्ञ भांडताहेत. पण तो ग्लास वाचताना माझा हात खिशाकडे गेला होता.

चाकू गेला कसा, तेही सांगतो. मी तेव्हा तालमीत जायचो. आमच्या तालमीत एका अंगाला कुस्तीचा हौदा आणि दुसऱ्या अंगाला मर्दानी खेळ. लाठी, फरी-गदका, दांडपट्टा. पोरगं आलं की पहिलं वर्ष त्याला हत्याराला हात लावू द्यायचे नाहीत. झाडलोट, जोर-बैठका, माती उकरणं. मग लाठी. लाठीवर दोन वर्षं गेली तरी पट्टा भिंतीवरच. भिंतीवरचा पट्टा बघत-बघत कित्येक जण संसाराला लागले. एके दिवशी मी लंगोट लावायला पँट काढली आणि चाकू फरशीवर पडला. सगळी तालीम गप्प. वस्तादांनी तो उचलला, बटण दाबलं, खट् झालं. त्यांनी तो उलटासुलटा करून बघितला, नक्षीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "चाकू ब्येस हाय की रं. लिंबं कापाय हुईल."

हौद्याच्या मातीत ताक, तेल, हळद घालतात आणि लिंबं पिळतात. त्या दिवशी मी त्या चाकूनं दोन पिशव्या लिंबं कापली. बोटाला असलेल्या चिरेतून रस असा झोंबत होता की डोळ्यांत पाणी आलं. पुढं तो चाकू तालमीच्या कोनाड्यातच राहिला, उदबत्तीच्या पुड्याशेजारी. कोण, कुठून, कशाला, असं वस्तादांनी मला कधीच विचारलं नाही. पितळी नक्षीवर लिंबाच्या रसानं हिरवट डाग पडले आणि महिन्याभरात बटण अडकायला लागलं.

मला तो अपमान तेव्हा फार लागला होता. पण एक आहे, वस्तादांनी तो माझ्या वडिलांना सांगितला नाही आणि तालमीतल्या एकाही पोरानं त्यावरून मला चिडवलं नाही. चिडवलं असतं तर दुसरा चाकू आणला असता, एवढी मला माझी खात्री आहे.

पुण्यात "कोयता गँग" हा शब्द रुळला तो 2022-23 च्या हिवाळ्यात. ही काही एक टोळी नव्हे. वेगवेगळ्या वस्त्यांतली पोरं, त्यांतली बरीच 18 च्या आतली, रात्री गाड्या फोडत, टपऱ्यांवर कोयते नाचवत फिरायची. पोलिसांनी धिंडी काढल्या, कोयता विकणाऱ्यांना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड बघायला सांगितलं. त्या काळात एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली. बातम्या नीट वाचल्या तर वाद कशावरून, याची कारणं पुन्हा पुन्हा तीच येतात: "रागाने का बघतोस, असे म्हणून", "धक्का लागल्याच्या कारणावरून", "स्टेटस ठेवल्याच्या रागातून". जमीन नाही, पैसा नाही. बघणं. खुन्नस हा आपला शब्दच मुळी डोळ्यांचा आहे, खुन्नस देतात ती नजरेनं.

यावरही अमेरिकेतलाच एक प्रयोग आहे. मिशिगन विद्यापीठात 1996 च्या सुमाराला, बोळातून जाणाऱ्या विद्यार्थ्याला एक माणूस मुद्दाम धक्का मारून शिवी द्यायचा आणि निघून जायचा. उत्तरेकडची मुलं बहुतेक हसण्यावारी नेत. दक्षिणेकडच्या राज्यांत वाढलेल्या मुलांच्या रक्तातला, म्हणजे खरं तर लाळेतला ताण चढायचा. संशोधकांनी त्याचं मूळ गुराखी समाजात शोधलं. ज्याची सगळी संपत्ती चार पायांवर चालते आणि एका रात्रीत चोरीला जाऊ शकते, त्याला "याच्या वाटेला जाऊ नका" अशी कीर्ती सांभाळावीच लागते. आमच्या पोरांकडे गुरं कुठली? पण चारशे बारा लाइकसुद्धा एका रात्रीत जाऊ शकतात. ही तुलना ताणलेली आहे, मला कळतं. तरी एका थपडेनं चार महिने झोप उडालेलं पोर समोर बसलेलं असलं की ती तेवढी ताणलेली वाटत नाही.

आणि आपण पोरांना शस्त्र दाखवत नाही, असं कुठं आहे? भाच्याचा तिसऱ्या वर्षीचा फोटो ताईच्या दिवाणखान्यात अजून आहे. शिवजयंती, काजळाची दाढी, कमरेला प्लास्टिकची तलवार, आणि आम्ही सगळे कौतुकानं बघतोय. दिवाळीला टिकल्यांची बंदूक मीच घेऊन दिली होती. माझ्या लग्नात माझ्या हातात कट्यार होती, टोकाला लिंबू खोचलेलं. अक्षता पडेपर्यंत मी ते लिंबू पडू नये म्हणून इतका जपत होतो की बायकोकडे धड बघितलंही नाही. दांडपट्ट्याला 2024 मध्ये सरकारनं राज्यशस्त्राचा मान दिला. यात काही वावगं आहे असं मला वाटत नाही. लहुजी वस्तादांच्या तालमीत जोतीराव फुले पट्टा आणि निशाणेबाजी शिकले, हे मी मोठ्या अभिमानानं सांगतो. 1878 च्या आर्म्स ॲक्टनं इंग्रजांनी हिंदी माणसाच्या हातातलं हत्यार परवान्याला बांधलं, तेव्हा पुण्यातल्या तरुणांना ते नामर्द केल्यासारखं वाटलं आणि त्या सलाचे पडसाद पुढं कुठवर गेले, हे सांगायला नको. आपल्या पोरांच्या मनात तलवार आहे ती उगीच नाही. ती आम्हीच ठेवलेली आहे. तिच्याबरोबर वस्ताद ठेवायचा, तेवढा राहून गेला.

आता तलवार पार्सलनंही येते. 2022 मध्ये औरंगाबादेत, पिंपरी-चिंचवडमध्ये पोलिसांनी कुरियरमधून आलेल्या तलवारी पकडल्या होत्या. एवढ्या सगळ्या तलवारींचं काय होतं? बहुतेकींनी केक कापला जातो. रात्री बारा वाजता चौकात गाडीच्या बॉनेटवर केक ठेवायचा, तलवारीनं कापायचा, फेस फवारायचा, व्हिडिओ टाकायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच व्हिडिओवरून पोलीस घरी. "आर्म ॲक्ट 4 (25), महाराष्ट्र पोलीस अधिनियम 37 (1) (3) सह 135" ही आकड्यांची माळ आमच्या भागातल्या पोरांना पाढ्यासारखी पाठ आहे. भाच्यालाही होती. मला नव्हती.

कायद्यात मात्र एक मजेदार फट आहे. शस्त्रांच्या नियमांमध्ये 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात, पण घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेली वगळून. म्हणजे कोयता हा आधी अवजार. तो हत्यार कधी होतो, हे कुठं आणि कुणाच्या हातात आहे त्यावरून ठरतं. माळ्यावर चादरीत असताना तो काय असतो, हे मला कुणा वकिलाला विचारायचं आहे.

साताऱ्याच्या संग्रहालयात लंडनहून वाघनखं आली तेव्हा, 2024 च्या पावसाळ्यात, भाच्याला घेऊन गेलो होतो. ती हीच का, यावर इतिहासकारांचे वाद आहेत, ते बाजूला ठेवू. लांबलचक रांग, घोषणा, आणि शेवटी काचेपलीकडे ती एवढीशी वस्तू. मुठीत मावणारी. भाच्याच्या मागचा एक मुलगा म्हणाला, "एवढंच?" मला तेव्हा वाटलं होतं की त्या एवढंचमध्येच सगळं आहे. वाघनख मुठीच्या आत दिसत नाही, म्हणून तर ते वाघनख. शेवटच्या क्षणापर्यंत कुणालाही न दिसणं हे त्याचं काम. आणि आमच्या पोराचा कोयता नुसता दिसण्यासाठी आहे, धार नसली तरी चालते. हे मी त्याला गाडीत सांगू शकलो असतो, पण तेव्हा माळ्यावर काही नव्हतं.

कोयता मी माझ्या घरी घेऊन आलो. वस्तादांची युक्ती करून बघितली होती त्या संध्याकाळीच. "चांगला आहे, नारळ सोलू या," म्हणालो. भाचा खो-खो हसला. "मामा, क्रिंज." वस्तादांच्या मागं शंभर वर्षांची तालीम उभी होती, माझ्या मागं फ्रिज.

खंडेनवमीला आमच्याकडे अजून अवजारं पुजतात. पाटावर आजोबांचा विळा, खुरपं, स्क्रूड्रायव्हरचा संच, बायकोची कात्री, माझा लॅपटॉप. कोयता मांडायचा की नाही, यावर आमच्यात दहा मिनिटं चर्चा झाली. "वापरलेलं अवजार पुजायचं असतं," बायको म्हणाली. "यानं काय काम केलंय?" तिचं बरोबर होतं. तो कपाटातच राहिला, ना पुजलेला ना टाकलेला. भंगारात द्यायचं जिवावर आलं होतं आणि ठेवायचंही.

आता हे लिहिताना जून 2023 ची सदाशिव पेठ आठवते. भरदिवसा, पेरूगेटजवळ, एका मुलीच्या मागं एक मुलगा कोयता घेऊन धावला, नकाराचा राग. लोक बघत राहिले किंवा मागं सरले. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा मात्र पुढं गेला आणि त्यानं तो वार अडवला. त्याच्या हातात काही नव्हतं. दोघेही विशीतले. भाच्याला मी त्या व्हिडिओबद्दल विचारलं, तर तो पटकन म्हणाला, "तो दुसरा खरा डेरिंगबाज." मग थोडं थांबून, "पण मामा, त्याला भीती वाटली नसेल का?" कोयत्याच्या विषयात त्यानं मला विचारलेला हा पहिला खरा प्रश्न. मी म्हणालो, वाटली असणार. त्यावर तो काही बोलला नाही.

डिसेंबरात मी त्याला गावाकडं नेलं. आमच्या चुलत्यांच्या ऊसाला तोड आली होती. डिकीत कोयता होता. चुलत्यांना मी सगळं सांगितलं नव्हतं, फक्त "पुण्यात एक पडून होता" एवढंच. त्यांनी तो हातावर तोलला. "जड हाय. दिसभर चालवला तर मनगट जाईल," म्हणाले आणि बांधावर टाकून दिला.

फडात बीड जिल्ह्यातून आलेली टोळी होती. मुकादमानं सांगितलं, "बारा कोयते हायती." भाच्यानं मोजायला सुरुवात केली आणि गोंधळला. माणसं चोवीस. मग चुलत्यांनी त्याला समजावलं, की ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायको. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कोयत्यावर मिळते, जोडीला मिळून. एकटा आला तर तो अर्धा कोयता. भाचा म्हणाला, "म्हणजे ते लोकांना कोयता म्हणतात?" चुलते म्हणाले, "पूर्वीपासनं."

कडेच्या सरीत एक जोडपं होतं. मुलगा एकोणीस-वीसचा असेल, मिशी नुकती फुटलेली. त्याच्या कोयत्याच्या मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली आणि पातं सहाणेवर घासून-घासून निम्मं झालेलं. तो वाकायचा, डाव्या हातानं ऊस कवेत घ्यायचा, आणि एक घाव, अगदी मातीलगत. दुसरा घाव वाढ्यावर, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पाल्यावर. बायको मागं पाचट सोलत मोळ्या बांधत होती, बांधावर त्यांचं तान्हं ओढणीच्या झोळीत.

"मी ट्राय करू?" भाच्यानं विचारलं. त्या मुलानं एकदा त्याच्या पांढऱ्या बुटांकडं बघितलं आणि हसून आपला कोयता पुढं केला, मुठीकडून.

भाच्याचा पहिला घाव ऊसाच्या मध्यावर बसला आणि ऊस चिरून लोंबकळला. दुसरा निसटून बुटाशेजारी मातीत. ताई बरोबर नव्हती ते बरं. तिसऱ्याला तुटला, पण जमिनीपासून वीतभर वर. त्या मुलानं खाली बसून तो राहिलेला बुडखा छाटला आणि उचलून दाखवला.

"साखर इथं असती," तो म्हणाला. "खाली. वरनं तोडलं तर कारखान्याचा माणूस शिव्या घालतो."

भाचा उकिडवा बसला. बूट चिखलात गेले. त्या मुलानं त्याचं मनगट धरून कोयता किती तिरका ठेवायचा ते दाखवलं, पुन्हा दाखवलं. मी फोन काढला होता, फोटो घेणार होतो. भाच्यानं मान न वळवता हात हलवून मला नको म्हणून सांगितलं.